शब्दओळख : 'ऑरेंज'



इंग्रजी मुळाक्षरांच्या तक्त्यावर 'ओ' या अक्षरासमोर बहुतेक ठिकाणी संत्र्याचे चित्र असते. शहरातल्या मुलाला ते फक्त चित्र वाटते. आपल्या सावरगावच्या मुलाला तसे नाही. संत्र्याचे झाड फुलावर कधी येते, फळ कधी फुटाण्याएवढे होते, कधी रंग धरते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. पांढुर्णा आणि सौंसर भागातल्या कितीतरी घरांचे वर्षाचे गणित याच फळावर बसलेले असते.

असे असूनही वर्गात तोच मुलगा 'ऑरेंज' म्हणताना अडखळतो. फळ ओळखीचे, पण शब्द परका वाटतो. घरी आपण 'संत्रा' म्हणतो, हिंदीच्या पुस्तकात 'संतरा' असते आणि इंग्रजीच्या तासाला 'ऑरेंज' येतो. एकाच फळाची तीन नावे दप्तरात घेऊन आपली मुले शाळेत येतात. त्यांपैकी तिसरे नाव साहेबांच्या देशातून आले, ते आपले नव्हे, असे त्यांना वाटते.

हा समज कितपत खरा आहे, ते आज पाहू. त्यासाठी या एका शब्दाचा अर्थ, उच्चार, उगम आणि उपयोग क्रमाने समजून घेऊ.

अर्थ

'ऑरेंज' या शब्दाचे इंग्रजीत दोन मुख्य अर्थ आहेत.

पहिला अर्थ, फळ. या अर्थी तो नाम आहे आणि मोजता येणारे नाम आहे. एक असेल तर 'ॲन ऑरेंज', अनेक असतील तर 'ऑरेंजेस'. मात्र रस म्हणायचा असेल तर 'ऑरेंज ज्यूस' म्हणतात. तेथे 'ऑरेंजेस ज्यूस' होत नाही. रस मोजता येत नाही, म्हणून 'अ ग्लास ऑफ ऑरेंज ज्यूस' असे म्हणावे लागते. संत्र्याच्या बागेला 'ऑरेंज ऑर्चर्ड' किंवा 'ऑरेंज ग्रोव्ह' म्हणतात. साल म्हणजे 'पील', फोड म्हणजे 'सेगमेंट' आणि बी म्हणजे 'पिप' किंवा 'सीड'.

दुसरा अर्थ, रंग. लाल आणि पिवळा यांच्यामधला रंग. या अर्थी 'ऑरेंज' हे नाम आहे आणि विशेषणही आहे. 'ॲन ऑरेंज शर्ट' म्हणजे नारिंगी सदरा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या भाषेत या रंगाच्या छटांना वेगवेगळे शब्द आहेत : नारिंगी, केशरी, भगवा, शेंदरी. भाषांतर करताना या सगळ्यांना सरसकट 'ऑरेंज' म्हणून चालत नाही. आपल्या राष्ट्रध्वजाचा वरचा पट्टा केशरी आहे. त्याला इंग्रजीत 'सॅफ्रन' म्हणतात, 'ऑरेंज' नव्हे. 'सॅफ्रन' म्हणजे केशर. परीक्षेत ही चूक अनेक जण करतात.

उच्चार आणि 'ॲन'

आपण 'ऑरेंज' असे लिहितो आणि 'रें'वर जोर देऊन बोलतो. इंग्रज माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि दुसरे अक्षर हलके सोडतो. त्याचा उच्चार साधारण 'ऑरिंज' असा ऐकू येतो. इंग्रजीत या शब्दाला नेमका जुळणारा यमक सापडत नाही, असे गमतीने सांगतात. कविता करणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते!

वर्गात सर्वांत जास्त चुका होतात त्या 'अ' आणि 'ॲन' यांच्या. नियम सोपा आहे. पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी स्वराचा असेल तर 'ॲन', व्यंजनाचा असेल तर 'अ'. येथे अक्षर पाहायचे नाही, कानाने ऐकायचे. 'अवर' म्हणजे तास. या शब्दाचे स्पेलिंग 'एच' या व्यंजनाने सुरू होते, पण उच्चार स्वराने होतो, म्हणून 'ॲन अवर'. उलट 'युनिव्हर्सिटी'चे पहिले अक्षर 'यू' हा स्वर आहे, पण उच्चार 'य'चा आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'ऑरेंज'चा उच्चार 'ऑ'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन ऑरेंज'.

हा 'न' लक्षात ठेवा. याच 'न'ची एक गमतीची गोष्ट पुढे येणार आहे.

शब्दाचा प्रवास

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 'ऑरेंज' हा शब्द इंग्लंडात जन्मलेला नाही. इंग्लंडच्या थंड हवेत हे झाड उघड्यावर नीट फळत नाही. जे फळ तेथे नव्हते, त्याचे नाव तरी तेथे कसे असणार? फळ बाहेरून आले आणि आपले नाव बरोबर घेऊन आले.

ते नाव आपल्याच देशातून निघाले. संस्कृतात या फळाला 'नारंग' म्हणतात. 'नागरंग' असेही एक रूप आहे. संस्कृतात हा शब्द दक्षिणेकडील द्राविडी भाषांमधून आला असावा, असे अभ्यासक मानतात. तेलुगूत आजही संत्र्याला 'नारिंज' म्हणतात. तमिळमध्ये 'नारत्तै' हे या कुळातल्या एका आंबट फळाचे नाव आहे आणि मलयाळममध्ये लिंबाला 'नारंङ' म्हणतात. आणि आपली मराठी? आपल्याकडे 'नारिंग' हे फळ आणि 'नारिंगी' हा रंग, दोन्ही शब्द आजही जिवंत आहेत.

भारतातून हा शब्द इराणात गेला आणि फारसीत 'नारंग' झाला. तेथून अरबांकडे गेला. अरबी भाषेत 'ग' हा ध्वनी नसल्याने 'नारंग'चा 'नारंज' झाला. 'ऑरेंज'च्या शेवटी जो 'ज' आपण ऐकतो, त्याची सुरुवात येथे झाली. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास अरबांनी हे झाड सिसिली बेटात आणि स्पेनमध्ये नेले. स्पॅनिश भाषेत त्याचे नाव 'नारांखा' असे झाले. पोर्तुगीजांनी पहिल्या 'न'चा 'ल' करून 'लारांजा' म्हटले. इटलीत 'अरांचा' झाले, फ्रान्समध्ये 'ऑरांज' झाले आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचांकडून ते इंग्रजीत पोहोचले.

म्हणजे तक्त्यावरचा 'ऑरेंज' आणि आजीच्या तोंडचा 'नारिंगी' हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. एक गावात राहिला आणि दुसरा सात मुलखांचे पाणी पिऊन परत आला. इतक्या वर्षांनी परतलेला माणूस जसा चटकन ओळखू येत नाही, तसे या शब्दाचे झाले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. युरोपात पहिल्यांदा पोहोचले ते आंबट-कडवट नारिंग. गोड संत्र्याची जात पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात, मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे तेथे पसरली. म्हणून आजही तुर्कस्तानात गोड संत्र्याला 'पोर्ताकाल' आणि अरबीत 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे 'पोर्तुगालचे फळ'. हॉलंडमध्ये त्याला 'सिनासआपल' म्हणतात, म्हणजे 'चीनचे सफरचंद'. ज्याने ज्याच्याकडून घेतले, त्याने त्याचे नाव ठेवले.

'न' कुठे गेला?

'नारंग'चा पहिला 'न' हरवला कुठे, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असेल. उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात नाही, बोलण्याच्या घाईत आहे.

इटालियन आणि फ्रेंच भाषांत नामापूर्वी 'एक' या अर्थाचा जो शब्द येतो त्यात 'न' असतो. शब्दाच्या सुरुवातीलाही 'न'. दोन 'न' शेजारी आले की भरभर बोलताना एकच ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटले, हा 'न' 'एक'चाच असावा. त्याने तो फळाच्या नावातून काढून टाकला. शिवाय फ्रेंचमध्ये 'ऑर' म्हणजे सोने. सोनेरी फळाचे नाव 'ऑर'ने सुरू व्हावे हे कानाला बरेही वाटले असावे. पुष्कळ ठिकाणी हा 'न' इंग्रजीत गळला असे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. इंग्रजीत शब्द आला तेव्हा 'न' आधीच गळलेला होता.

पण इंग्रजीनेही हाच उद्योग दुसऱ्या शब्दांबाबत केला आहे. उदाहरणे पाहा.

'एप्रन' हा शब्द पूर्वी 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'ॲन एप्रन' झाले. त्याच कुळातल्या 'नॅपकिन'ने मात्र आपला 'न' सांभाळून ठेवला.

क्रिकेटमधला 'अम्पायर' पूर्वी 'नम्पेर' होता. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'जोडीत नसलेला', म्हणजे दोन्ही पक्षांपासून वेगळा असा तिसरा माणूस. 'अ नम्पेर'चे 'ॲन अम्पायर' झाले. दोन्ही संघांपैकी एकाचाही नसलेला, हा अर्थ किती चपखल आहे!

'ॲडर' हा विषारी साप. त्याचेही जुने नाव 'न'ने सुरू होत असे.

याच्या उलटही घडले. 'निकनेम' म्हणजे टोपणनाव. तो मूळचा 'ईकनेम', म्हणजे 'जास्तीचे नाव'. 'ॲन ईकनेम'मधला 'न' पुढे सरकला आणि 'अ निकनेम' झाले.

तेव्हा 'अ' आणि 'ॲन' मध्ये तुमची गडबड होत असेल तर फार वाईट वाटून घेऊ नका. खुद्द इंग्रजांचीही शेकडो वर्षे गडबड झाली आणि त्या गडबडीतून नवे शब्द तयार झाले. पण परीक्षेत मात्र 'ॲन ऑरेंज' असेच लिहा. गुण कापले तर हा इतिहास कामाला येणार नाही!

फळ आधी, रंग नंतर

इंग्रजीत 'ऑरेंज' हा शब्द आधी फळासाठी आला. रंगाचे नाव म्हणून तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. त्यापूर्वी इंग्रज लोक या रंगाला काय म्हणत? कधी 'पिवळा-लाल' असा जोडशब्द वापरीत, तर कधी सरळ 'लाल' म्हणत. त्याची खूण अजून टिकून आहे. इंग्लंडमध्ये रॉबिन नावाचा एक लहान पक्षी आहे. त्याची छाती चांगली नारिंगी असते, पण त्याचे जुने नाव 'रॉबिन रेडब्रेस्ट', म्हणजे 'लाल छातीचा रॉबिन'. नारिंगी केसांच्या माणसालाही इंग्रजीत 'रेड हेअर'वाला म्हणतात. रंग डोळ्यांसमोर होता, पण त्याला स्वतंत्र नाव नव्हते. भारतातून निघालेल्या फळाने ते नाव दिले.

नाव सारखे, मूळ वेगळे

शब्दांचा अभ्यास करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. दोन शब्द सारखे दिसले म्हणजे ते एकाच मुळाचे असतात असे नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये 'ऑरेंज' नावाचे एक गाव आहे. रोमन काळात त्याचे नाव 'अरौसिओ' होते. त्याचा फळाशी काही संबंध नाही. बोलता बोलता ते बदलत गेले आणि फळाच्या नावासारखे झाले. या गावाची जहागीर पुढे एका राजघराण्याकडे गेली. त्याच घराण्यातील विल्यम ऑफ ऑरेंज याने सोळाव्या शतकात स्पेनच्या सत्तेविरुद्ध हॉलंडच्या लोकांचे नेतृत्व केले. म्हणून हॉलंडचे हॉकी आणि फुटबॉलचे संघ नारिंगी पोशाखात खेळतात. दक्षिण आफ्रिकेच्या नकाशात जी ऑरेंज नदी दिसते, तिचे नावही याच घराण्यावरून पडले. नदीच्या काठी संत्री पिकतात म्हणून नव्हे. भूगोलाच्या पेपरात हे उपयोगी पडेल.

मग आपला 'संत्रा' कुठला?

आतापर्यंतचे वाचून कोणाला वाटेल, चला, इंग्रजी शब्द आपला निघाला! पण थोडे थांबा. आता आपल्या 'संत्रा' या शब्दाकडे वळू.

'संत्रा' हा शब्द 'संगतरा' या फारसी वळणाच्या शब्दावरून आला. पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून तो आला अशीही एक गोष्ट सांगितली जाते. पण १५३० मध्ये मरण पावलेल्या बाबराच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांमध्ये 'संगतरा'चा उल्लेख आहे. त्यामुळे सिंत्राची गोष्ट शंकेची वाटते. काहीही असले तरी गंमत पाहा. आपण ज्याला परका समजतो तो 'ऑरेंज' मुळात भारतीय आहे आणि आपण ज्याला घरचा समजतो तो 'संत्रा' परक्या वाटेने आलेला आहे!

एवढ्यावरच थांबत नाही. मनातल्या मनात बागेत एक फेरी मारू या. 'बाग' आणि 'बगीचा' हे शब्द फारसी. 'कलम' अरबीतून आलेला. 'बहार' फारसी, त्याचा मूळ अर्थ वसंत ऋतू. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा 'आंबिया बहार' आणि पावसाच्या सुरुवातीला फुलणारा 'मृग बहार' आपल्याला तोंडपाठ आहेत. 'मृग' हे आपल्या नक्षत्राचे नाव आणि 'बहार' इराणचा. दोघे एका शब्दात इतके मिसळले की सांधा दिसत नाही. शेजारच्या वावरातली 'मोसंबी' तर आफ्रिकेतील मोझांबिकच्या नावावरून आलेली. आणि ज्या खुंटावर डोळा भरतात ती 'जंभेरी' मात्र संस्कृत 'जंबीर'पासून आलेली. 'खुंट', 'डोळा', 'साल', 'फोड', 'ताण' हे आपले रोजचे शब्द.

एका एकराच्या बागेत इराण, अरबस्तान, आफ्रिका आणि महाराष्ट्र असे एकत्र नांदत आहेत. त्यामुळे मराठी बाटली का? नाही. ती समृद्ध झाली. कलमाचे झाड पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. खुंट एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा असतो, म्हणूनच फळ चांगले लागते.

संत्रा की मँडरिन?

थोडे शास्त्रही पाहू. इंग्रजीत बोलताना आपण आपल्या फळाला 'ऑरेंज' म्हणतो. नागपूरलाही 'ऑरेंज सिटी' म्हणतात. रोजच्या बोलण्यात ते बरोबरच आहे. पण फळशास्त्राच्या पुस्तकात ज्याची साल सुटी असते आणि फोडी सहज वेगळ्या होतात त्या फळाला 'मँडरिन' म्हणतात. आपला नागपुरी संत्रा त्या गटातला. ज्याची साल घट्ट चिकटलेली असते ते 'स्वीट ऑरेंज'. आपली मोसंबी त्या गटात येते. म्हणजे शास्त्राच्या भाषेत मोसंबी ही खरी 'ऑरेंज' आणि संत्रा हा 'मँडरिन'!

या 'मँडरिन'चे मूळ ऐकले तर आणखी नवल वाटेल. चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्यांना पोर्तुगीज लोक 'मँडरिन' म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द मलाया भागातल्या 'मन्तरी' या शब्दावरून घेतला आणि 'मन्तरी' हा आपल्या संस्कृत 'मंत्री'वरून तिकडे गेलेला. त्या अधिकाऱ्यांच्या पिवळसर पोशाखावरून फळाला हे नाव पडले असे सांगतात. एकूण काय, संत्र्याला इंग्रजीत 'ऑरेंज' म्हणा की 'मँडरिन' म्हणा, दोन्ही नावांचे टोक भारतातच येऊन पोहोचते.

फळाचे कूळही आपल्यापासून फार दूर नाही. लिंबूवर्गीय झाडांचा उगम ईशान्य भारत, म्यानमार आणि दक्षिण चीन यांच्या डोंगराळ पट्ट्यात झाला असे शास्त्रज्ञ मानतात. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, नोक्रेक भागात, रानटी संत्र्याची झाडे जपण्यासाठी राखीव क्षेत्र आहे. आपल्या भागात मात्र संत्रा नंतर आला. नागपूरकर भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून रोपे आणून नागपुरात लावली, अशी माहिती परंपरेने सांगितली जाते. तेथून तो वऱ्हाडात आणि आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीत पसरला. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

रोजचा उपयोग

'ऑरेंज' आता आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की दुकानात 'ऑरेंजची गोळी' मागताना कोणी थांबत नाही. एक उपयोग मात्र प्रत्येक शेतकरी कुटुंबाने नीट समजून घ्यावा, तो म्हणजे 'ऑरेंज अलर्ट'. हवामान खात्याच्या सूचनांत हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग असतात. हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. गारपिटीच्या दिवसांत घरातल्या मुलाने मोबाईलवरचा हा इंग्रजी शब्द वाचून वडिलांना त्याचा अर्थ सांगितला, तर तोडलेला माल वेळेत झाकला जाऊ शकतो.

इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, 'कम्पेअरिंग ॲपल्स ॲन्ड ऑरेंजेस'. ज्यांची तुलनाच होऊ शकत नाही अशा दोन गोष्टींची तुलना करणे, असा त्याचा अर्थ. मराठीत 'कोठे इंद्राचा ऐरावत आणि कोठे शामभटाची तट्टाणी' ही म्हण आहे, पण तिचा अर्थ थोडा वेगळा. तिच्यात एक थोर आणि दुसरा लहान असतो. इंग्रजी वाक्प्रचारात कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. दोन्ही चांगली फळे, फक्त जात वेगळी. आणखी एक योगायोग सांगतो. अमरकोशात 'नागरंग'ला 'ऐरावत' हेही एक नाव दिलेले आहे!

पालकांसाठी दोन शब्द

"मुलाचे इंग्रजी सुधारायचे तर घरातले मराठी कमी करावे का?" असे अनेक पालक विचारतात. त्यामागची काळजी मला समजते. आपण मध्य प्रदेशात राहतो. सरकारी कामकाज हिंदीत चालते, नोकरीला इंग्रजी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला नवा पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावरच्या सीमा बदलत गेल्या, पण चुलीजवळची भाषा तीच राहिली. आता ती आपल्याच हाताने सोडायची का, हा खरा प्रश्न आहे.

माझा वर्गातला अनुभव सांगतो. ज्या मुलाला बागेतला 'ताण' म्हणजे काय ते माहीत आहे, म्हणजे झाडाचे पाणी तोडायचे, पाने थोडी मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी दिले की बहार फुटतो, त्याला विज्ञानातला 'वॉटर स्ट्रेस' एका वाक्यात कळतो. ज्याला 'डोळा भरणे' माहीत आहे, त्याला 'बडिंग' शिकवावे लागत नाही, फक्त नाव सांगावे लागते. 'खुंट' ठाऊक असेल तर 'रूटस्टॉक' लगेच समजतो. उलट ज्या मुलाला घरचा शब्दही येत नाही, तो इंग्रजी शब्द नुसता पाठ करतो. परीक्षा संपली की शब्दही संपतो. मराठी हा खुंट आहे. त्यावर इंग्रजीचा डोळा भरावा, हिंदीचाही भरावा. पण खुंटच उपटला तर डोळा कशावर भरणार?

आणि मराठीने इंग्रजीकडून फक्त घेतलेच, असेही नाही. इंग्रजीतला 'मुंगूस' या अर्थाचा 'मंगूस' हा शब्द थेट आपल्या मराठी 'मुंगूस'वरून गेलेला आहे. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत तो छापला जातो. आपल्या बांधावरून पळणाऱ्या मुंगसाचे नाव लंडनच्या शब्दकोशात आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. शाळेच्या ग्रंथालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन चांगले शब्दकोश मुलांच्या हाताला येतील अशा जागी ठेवावेत. कुलपाच्या कपाटातला शब्दकोश आणि न पेरलेले बियाणे सारखेच.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी तक्त्यावर 'ओ फॉर ऑरेंज' दिसला की घाबरू नका. तो पाहुणा नाही. दूरदेशी जाऊन पोशाख बदलून आलेला आपल्याच घरचा माणूस आहे. त्याला नावाने हाक मारा आणि आपला 'नारिंगी'ही विसरू नका.

स्वाध्याय

१. 'अ' किंवा 'ॲन' योग्य ठिकाणी लावा : ऑरेंज, मँडरिन, अवर, अम्ब्रेला, युनिव्हर्सिटी, एप्रन, नॅपकिन, अम्पायर.

२. 'नारंग'पासून 'ऑरेंज'पर्यंतचा प्रवास जगाच्या नकाशावर बाणांनी दाखवा. प्रत्येक देशाजवळ तेथील शब्द लिहा.

३. नारिंगी, केशरी, भगवा आणि शेंदरी या रंगांची प्रत्येकी दोन उदाहरणे तुमच्या घरातून किंवा गावातून लिहा.

४. आजी-आजोबांना किंवा शेतावर काम करणाऱ्या कोणालाही विचारून संत्र्याच्या बागेतले वीस शब्द जमवा. त्यांपैकी जितक्यांचे इंग्रजी प्रतिशब्द मिळतील तितके पुढे लिहा. ज्यांचे मिळणार नाहीत, ते शब्द तर अधिकच जपून ठेवा.

५. घरात कोणालाही न विचारता सांगा : 'मृग बहार' या नावातला कोणता शब्द इराणमधून आला?